कार्बुरेटर बसवला, मग वायरींचं काय?

प्रश्न: जुन्या जिप्सीचं इंजेक्शन काढून कार्बुरेटर बसवतोय, बॉनेटखाली वायरींचं जाळं उरलंय, सगळं कापून टाकू काय? – एक वाचक, मालवण

उत्तर: अहो थांबा, पक्कड खाली ठेवा आधी! इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी जाऊ देत, पण स्टार्टर, अल्टरनेटर, ऑइल प्रेशरच्या वायरीपण त्याच जुडग्यात असू शकतात, त्या एकेक शोधून चिठ्ठी लावा. स्पार्क ईसीयूच, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच, देत असेल तर स्वतंत्र इग्निशनवाला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा) लागेल, नायतर गाडी चालूच होणार नाय. पेट्रोलचा पंपही बदला, इंजेक्शनचा साधारण ३ बार प्रेशर देतो, कार्बुरेटरला पाव बार पुष्कळ, जास्त झालं की पेट्रोल सांडतं. उघडी टोकं सोडू नका, आपल्या खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाय. आणि या बदलाबद्दल आरटीओत विचारलंत ना?