जनावरांच्या विषाणूंवर संशोधन करायचे आहे, मग बारावीनंतर कोणती वाट?

शिरोळ तालुक्यातील एका दूध उत्पादक पालकांनी लिहिले आहे की, लम्पीच्या साथीत घरची गाय गेल्यापासून त्यांच्या बारावीतील मुलीने जनावरांच्या विषाणूंवर संशोधन करण्याचे मनाशी घेतले आहे. तिला कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या बी.एस्सी.ला घालावे की पशुवैद्यकीय पदवीसाठी ‘नीट’ देऊ द्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

मुलीची तयारी असेल, तर तिने आधी पशुवैद्यक व्हावे, असे माझे ठाम मत आहे. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो आणि त्याच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. त्यामुळे आजार झाल्यावर उपचार बहुतांशी जनावराला तग धरायला मदत करण्यापुरते राहतात आणि खरे नियंत्रण लसीकरण, विलगीकरण, जनावरांच्या वाहतुकीवरील निर्बंध आणि माश्या, डास, गोचीड यांचा बंदोबस्त यांवर अवलंबून असते. हे सारे गोठ्यात आणि बाजारात घडते.

बुळकांडी आणि लाळ्या खुरकूत या गायी-म्हशींच्या दोन विषाणूजन्य रोगांची तुलना तिने मुद्दाम समजून घ्यावी. बुळकांडीच्या विषाणूचा सीरोटाइप (शरीराची प्रतिकारशक्ती वेगळा ओळखते असा उपप्रकार) एकच होता, एकदा लस टोचली की जनावराला दीर्घकाळ संरक्षण मिळे आणि बरे झालेले जनावर विषाणू बाळगून राहत नसे. म्हणूनच 2011 मध्ये तो रोग जगातून संपल्याचे जाहीर करता आले. लाळ्या खुरकूताच्या विषाणूचे मात्र सात सीरोटाइप आहेत, एकाविरुद्धची लस दुसऱ्यापासून वाचवत नाही, लसीचे संरक्षण थोडेच महिने टिकते आणि बरी झालेली गाय किंवा म्हैसही काही काळ घशात विषाणू बाळगू शकते. आपल्याकडे ओ, ए आणि आशिया-1 या तिन्ही सीरोटाइपविरुद्धची लस दर सहा महिन्यांनी टोचतात, त्याचे कारण हेच. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून बैलजोड्या कोल्हापुरात येतात, तेव्हा त्यांचे लसीकरण झाले आहे का, हा प्रश्न आपल्या गावच्या प्रत्येक गोठ्याचा असतो. लम्पीचा विषाणू शेळ्यांच्या देवीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक असल्याने आपल्याकडे गायींना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. असे निर्णय घेण्यासाठी विषाणूचे कूळ आणि जनावराचे शरीर, दोन्ही ठाऊक असलेली माणसे लागतात.

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा आहे. राज्यातील ही महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत असून आपल्याला सर्वांत सोयीचे सातारा जिल्ह्यातील शिरवळचे. पुढे पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी करताना ती विषाणूंकडे वळू शकेल, आणि इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था किंवा भोपाळची पशुरोगांची अतिसुरक्षित प्रयोगशाळा यांसारख्या ठिकाणांचा विचार तेव्हा करता येईल. म्हणजे विषाणूशास्त्र प्रत्यक्ष हाती यायला बराच काळ जाईल, आणि तोवर शेण, रक्त, अडलेली म्हैस आणि अवेळी आलेले फोन यांची तिला सवय करून घ्यावी लागेल. हे तिला आधीच सांगा. मुलगी आहे म्हणून नव्हे, तर हे काम कुणालाही जड जाते म्हणून.

बी.एस्सी.ची वाट मी कमी लेखत नाही. त्यानंतर विषाणूशास्त्रात एम.एस्सी. करून लसनिर्मिती किंवा रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत चांगले काम करता येते. मात्र त्या पदवीवर जनावरावर उपचार करता येत नाहीत आणि पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी पशुवैद्यकही होता येत नाही. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले, तर ही वाट निःसंकोच धरावी.

दोन गोष्टी आत्ताच करा. पुढच्या लसीकरण फेरीत पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना विचारून तिला एखादा दिवस त्यांच्याबरोबर पाठवा. लस थंड राखण्यासाठी किती धडपड करावी लागते, हे तिला दिसू द्या. दुसरे, केवळ ‘नीट’चा अर्ज भरून भागत नाही, निकालानंतर पशु विद्यापीठाच्या प्रवेशासाठी त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो, त्याच्या सूचनेवर लक्ष ठेवा.