जुनी टर्बो घेऊन रेसिंगमध्ये उतरू का?

जुनी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी) हॅचबॅक स्वस्तात मिळतेय, इंजिन आणि सस्पेन्शनचं काम करून हौशी रेसिंगला उतरू का, असं विचारलंय तुम्ही. माझं ऐकाल तर इतक्यात घेऊ नका.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा छंद आहे. अमेरिकेत २००६ पासून '२४ अवर्स ऑफ लेमन्स' नावाच्या भंगार गाड्यांच्या शर्यती होतात. तिथला मूळ नियम गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी असा, पण टायर, ब्रेक आणि सेफ्टीचं सामान त्या हिशेबात धरत नाहीत. यातच सगळं आलं. त्यात टर्बो म्हणजे जास्त उष्णता, म्हणजे मोडायला आणखी चार गोष्टी.

सध्या जी गाडी रोज चालवता तीच घेऊन ऑटोक्रॉसला जा. मोकळ्या मैदानात रस्त्यावर ठेवतात तसे प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडलेले असतात, एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी. चुकलात तर कोन पडतो, वेळेत दंड चढतो, बस्स. मधे एखाद्या सुट्टीच्या दिवशी भाड्याचं कार्टिंग करा; सगळ्यांची कार्ट जवळपास सारखी, त्यामुळे दोष गाडीवर ढकलता येत नाही. (मी बराच काळ ढकलत होतो.)

मग ट्रॅक डे, म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर शर्यत न लावता आपली गाडी पळवायचा दिवस, आणि तोही शेजारी इन्स्ट्रक्टर बसवून. विम्याचे कागद आधी वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये ट्रॅकवरचं नुकसान धरलेलं नसतं.

ट्रॅकवर पहिल्यांदा हात टेकतात ते ब्रेक. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला पाचव्या फेरीत पेडल आधी मऊ लागलं आणि पुढच्या वळणाला सरळ तळाला गेलं. भराभर पंप केलं, थोडा दाब आला, तरी गाडी गवतात जाऊनच थांबली. पॅड चांगले होते; ब्रेक ऑइल किती वर्षांचं आहे ते मात्र मी बघितलंच नव्हतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हीच हमी १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय नुसती वाफ दाबत बसतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, म्हणून रस्त्यावर वर्षानुवर्षं न जाणवलेलं दुखणं इथे वीस मिनिटांत बाहेर येतं.

तेव्हा पहिला खर्च नवं ब्रेक ऑइल आणि बरे पॅड. सेशनची शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारा. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडाचा ठोकळा लावा. टायरमधली हवा गरम टायरवर पुन्हा तपासा, आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने.

हेल्मेटवर पैसे वाचवू नका. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल संस्थेचा, कार रेसिंगसाठीचा 'एसए' शिक्का बघून घ्या. मोटरसायकलच्या 'एम' हेल्मेटची आगीची चाचणी झालेली नसते.

इतकं करून किडा शांत झाला नाहीच, तर आधी तुम्ही उतरणार त्या क्लासची, म्हणजे स्पर्धेतल्या गटाची, नियमपुस्तिका वाचा आणि मग कुणीतरी बांधून कंटाळलेली, रोल केजसकट (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) तयार गाडी शोधा. केज, सीट, हार्नेस (रेसिंगचा पट्टा) स्वतः करायला गेलात की त्या हॅचबॅकची किंमत किरकोळ वाटायला लागेल. हलकी, कमी ताकदीची, पुष्कळ लोक पळवतात अशीच घ्या. १९८९ पासूनची माझदा एमएक्स-५ जगभर हौशी लोकांत टिकून आहे ती याच कारणाने: पार्ट मिळतात, आणि काय कधी मोडतं ते पिटमधल्या कुणालाही ठाऊक असतं.

त्या टर्बोवाल्याला सांगा, सहा महिन्यांनी बघू. आणि ऑटोक्रॉसला जाताना डिकी पूर्ण रिकामी करा. माझा जॅक आत सुटा राहिला होता. अख्खी रन मी गाडीचं काय तुटलं ते ऐकत बसलो होतो.