बॉबी जोन्स यांचे 1931 चे गोल्फपट आज पाहून काही शिकता येते का?

बॉबी जोन्स यांचे गोल्फ शिकवणारे जुने लघुपट आज पाहून खेळ सुधारेल, की ती केवळ जुन्या सिनेमाची हौस ठरेल, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाने सांगतो, खेळ सुधारतो.

ब्रिटन आणि अमेरिकेतील ओपन (सर्वांसाठी खुल्या) व अमॅच्युअर (हौशी खेळाडूंच्या) अशा चारही स्पर्धा 1930 साली एकाच हंगामात जिंकून जोन्स वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सची ‘हाउ आय प्ले गोल्फ’ ही बारा लघुपटांची मालिका आली. जॉर्ज मार्शल दिग्दर्शक होते. नामवंत नटनट्यांभोवती गुंफलेले विनोदी प्रसंग आता शिळे वाटतात. ते पुढे सरकवले तरी बिघडत नाही.

क्रम मात्र मोडू नये. पहिला भाग पटरचा, म्हणजे होलजवळ चेंडू हलकेच ढकलायच्या क्लबचा (गोल्फच्या काठीचा) आहे आणि लांब फटक्याचा क्लब ड्रायव्हर थेट नवव्या भागात येतो, म्हणजे शिकवणी होलपाशी सुरू होऊन मागे मागे टीकडे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेकडे जाते. लांब फटक्याच्या मोहात पडणाऱ्या नवशिक्यासाठी याहून शहाणा क्रम मला माहीत नाही.

खरे धन आहे ते स्लो मोशनमध्ये. वरून चेंडूपर्यंत क्लब यायला साधारण पाव सेकंद लागतो, त्यामुळे सेकंदाला 24 चित्रे टिपणाऱ्या नेहमीच्या कॅमेऱ्यात त्या हालचालीची जेमतेम सहा चित्रे मिळतात. फिल्म कॅमेऱ्यातून वेगाने पळवून पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखवली, की मधले सारे उलगडते. मी हे भाग थांबवून थांबवून पाहिले, तेव्हा क्लब मागे नेताना जोन्स यांची डावी टाच उचललेली दिसली आणि खाली येताना आधी ती टाच टेकते, कंबर वळू लागते, हात मागून येतात, हेही दिसले. हात आधी ओढण्याची माझी खोड नेमकी कुठे आहे, ते मला तिथे कळले.

एक लक्षात ठेवावे. जोन्स यांची घडण हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडी दांड्यांच्या क्लबवर झाली होती. त्या दांड्या वाकतात आणि पिळतातही, म्हणून जोन्स यांचा स्विंग (क्लब फिरवण्याची हालचाल) वर पोहोचल्यावर घाई करत नाही. आपल्या पोलादी किंवा ग्रॅफाइटच्या दांडीला इतका सांभाळ लागत नाही, तेव्हा उचललेल्या टाचेची जशीच्या तशी नक्कल करू नका, पण तो वरचा निवांत क्षण जरूर घ्या.