लाच घेताना पकडलेला महापालिका अधिकारी पुन्हा खुर्चीवर कसा दिसतो?

तुम्ही विचारलंय, की एसीबीनं (लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं) रंगेहाथ पकडलेला वॉर्ड ऑफिसातला अधिकारी वर्षभरात परत कामावर आला, म्हणजे तो सुटला का? नाही, सुटलेला नाही. मुळात निलंबन ही शिक्षा नव्हेच.

मी सरकारी नोकर आहे, अशा एका सापळ्यात पंच, म्हणजे सरकारी साक्षीदार, होतो. तक्रारदाराच्या नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावलेली असते. नोटा घेतल्या की साहेबांची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायला लावतात, पाणी गुलाबी होतं. ते बाटलीत भरून सील करतात, त्यावर पंचांच्या सह्या. बघणाऱ्याला वाटतं, याची नोकरी गेलीच. खरी फाइल तिथून पुढे चालते.

48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की तो निलंबित धरला जातो. निर्वाह भत्ता आधी साधारण निम्म्या पगाराइतका, तीन महिन्यांनंतर वाढवता येतो. इकडे खटल्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19 खाली, त्याला नोकरीतून काढू शकणाऱ्या अधिकाऱ्याचीच मंजुरी लागते. कायदा तीन महिन्यांत निर्णय द्या म्हणतो, फार तर चौथा महिना. तरीही प्रस्ताव टेबलावर पडून राहतात. निलंबन मात्र असंच लांबवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात त्याला वेसण घातली. मग आढावा समिती बसते आणि 'घरी बसवून भत्ता देण्यापेक्षा कामावर घ्या' असं ठरतं.

घ्यायचं तर अकार्यकारी पदावर, जिथं लोकांशी संबंध येणार नाही. माझा संताप इथं होतो. मनुष्यबळ कमी आहे म्हणून हळूच तोच माणूस परवानग्यांच्या टेबलावर येतो, आणि लाच मागितल्याची तक्रार करणाऱ्याला त्याच्याचपुढे उभं राहावं लागतं.

बाकी टांगती तलवार असतेच. बढतीचा निर्णय खटला संपेपर्यंत मोहोरबंद पाकिटात; निवृत्त झाला तर तात्पुरतं निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) अडकलेलं. त्याच कायद्याच्या कलम 7 खाली दोषी ठरला तर 3 ते 7 वर्षं कैद, आणि नोकरीही जाते. तक्रारदार फितूर झाला म्हणून सुटेलच असंही नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावरून लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2022 च्या नीरज दत्ता निकालात सांगितलंय.

तुम्ही माहिती अधिकारात एवढंच विचारा: मंजुरीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला आला, त्यावर निर्णय कधी झाला, आणि पुनःस्थापनेचा (परत कामावर घेण्याचा) आदेश कोणत्या पदावर आहे. आदेशातलं पद आणि तो बसतो ते टेबल वेगळं निघालं, तर आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. पुन्हा पैसे मागितले तर एसीबीचा 1064 हा फोन क्रमांक आहेच.