चळवळीत नव्याने आलेल्या मित्रास

मोर्चात शेजारी चालणारा प्रत्येक जण मित्र होईलच, असं धरून चालू नकोस. घोषणा सगळेच देतात; सभा संपल्यावर सतरंज्या गुंडाळायला कोण थांबतं ते बघ. मैत्री तिथे जमते, नाहीतर रात्री उशिरा वर्गणीचा हिशेब जुळवताना.

मतभेद होणारच. टिळक-आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. तरी आधी सामाजिक सुधारणा की राजकीय, यावरून फाटलंच. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ हे साप्ताहिक वेगळं काढलं. (एकाच ध्येयाची माणसं जास्त कडाडून भांडतात, असं माझं मत.) म्हणून भांडायचं ते बैठकीत, तोंडावर. पाठीमागे कुजबुज नको. आणि अधूनमधून कामाचा विषय बाजूला ठेवून भेटत जा. मित्राच्या घरी काय चाललंय, हेही तुला ठाऊक असू दे.