घाटात ओढते आणि सपाटीला मिसिंग मारते? आधी हवा कुठून शिरते ते बघा

तुम्ही लिहिलंय ते असं: बाईक २०१६ ची, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). देवगड-कणकवली रोजची ये-जा. नांदगाव तिठ्याला हायवेला लागून ताशी ५५-६० वर मूठ (अ‍ॅक्सिलरेटर) स्थिर धरली की मिसिंग, म्हणजे इंजिन मधेच झटके देतं, पण फोंडाघाट चढताना कसलाच त्रास नाही. प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, आता मेकॅनिक कॉइल आणि सीडीआय (प्लगला ठिणगी पुरवणारे भाग) बदलूया म्हणतोय.

कॉइलला इतक्यात हात लावू नका. निदान तुमच्याच वाक्यात आहे. घाटात मूठ पिळलेली असते, सिलिंडरमध्ये दाब जास्त, आणि अशा दाबात ठिणगी पडायला व्होल्टेजही जास्त लागतं. कॉइल कमजोर असती तर तिने पहिला दगा घाटातच दिला असता. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल किंवा पेट्रोल कमी उतरत असेल, तरी चढावरच गाडी गुदमरली असती. कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटला असता तर घाटात ओढच मिळाली नसती.

उरतं काय? थोड्या उघड्या मुठीवर मिश्रण पातळ होणं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होणं. मूठ कमी उघडी असते तेव्हा इंजिन कार्बोरेटरच्या पुढच्या नळीत जोरात ओढ घेतं. तिथे बारीकशी चीर असली तरी जास्तीची हवा आत जाते, आणि त्या वेळी इंजिन मुळात हवाच कमी घेत असल्यामुळे ती मिश्रण बिघडवायला पुरते. मूठ पूर्ण पिळली की ओढ कमी होते आणि चिरेतून येणारी हवा हिशेबातही राहत नाही. म्हणून घाटात गाडी शहाणी.

खात्री करायला चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) वापरा. कळ हँडलवर असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर ५५ ला थोडी ओढा. कळ कार्बोरेटरवर असेल तर चालत्या गाडीत खाली हात घालू नका. कडेला थांबून, इंजिन गरम असताना अर्धा चोक लावा आणि मग किलोमीटरभर चालवा. मिसिंग गेलं किंवा कमी झालं, तर मिश्रण पातळच आहे.

मग कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं रबर बघा. नुसतं वरून बघून कळत नाही. माझ्या गाडीचं रबर जागेवर असताना धडधाकट दिसत होतं. काढून अंगठ्याने वाकवलं तेव्हा खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडली. त्याआधी मी कॉइल बदलून बसलो होतो, पैसे गेले आणि मिसिंग तसंच राहिलं. म्हणून इतकं कळवळून लिहितोय. रबर काढायचं नसेल तर गाडी आयडलला ठेवून जोडावर फवाऱ्याने पाणी मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते. गरम इंजिनावर पेट्रोल मारून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तिथल्याच बारीक व्हॅक्यूम पाइपची टोकंही तपासा, नऊ-दहा वर्षांत ती कडक होऊन तडकतात.

रबर ठीक निघालं तर पायलट जेट (कमी मुठीला पेट्रोल देणारा, बारीक भोकाचा तुकडा) बघा. तो दाबाच्या हवेने साफ करायचा, तार घालून नाही. भोक मोठं झालं की जेट गेला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या सेटिंगच्या कार्बोरेटरला तेच मिश्रण थोडं पातळ पडतं. जेट थोडासा बुजलेला असला तरी आता तो जाणवतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर आणखी एक बघाच: फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी. मग टाकीही रिकामी करून सुकवावी लागेल, नुसता बाऊल धुवून चार दिवसांत पुन्हा तेच.

प्लग कॅपमध्ये खाऱ्या हवेने हिरवट गंज चढतो, तोही पुसून घ्या. पण तो दोष बहुतेक वेळा पावसात किंवा दमट सकाळी त्रास देतो, तुमच्यासारखा एकाच वेगाला नाही.

तोवर चोक लावून रोजची ये-जा करू नका आणि लांबचा पल्लाही टाळा. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू शकतो, आणि ते काम रबराच्या किमतीत होत नाही.