उत्तर: कासेलची डॉक्युमेंटा एका दिवसात होईल का?

"फ्रँकफर्टहून सकाळी कासेलला जायचं, डॉक्युमेंटा बघायची आणि रात्री परत. एजंट म्हणतो आरामात होतं. खरंच होतं का?" हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. सहल आखून देणाऱ्या एका कार्यालयाने नेमका हाच बेत आमच्या गळ्यात मारला होता. व्हिसा, विमा, विमान यावर लिहीत नाही, ते तुम्ही बघालच.

एका दिवसात होत नाही. डॉक्युमेंटा, म्हणजे जर्मनीतल्या कासेल शहरातलं समकालीन कलेचं प्रदर्शन, दर पाच वर्षांनी १०० दिवस भरते आणि शहरभर पसरलेली असते. २०२२ ला तीसच्या वर ठिकाणं होती. मध्यभागी फ्रिडेरित्सियानुम संग्रहालय आणि डॉक्युमेंटा हाले हे प्रदर्शनगृह, उताराखाली कार्ल्सआउए बाग, आणि फुल्डा नदीपलीकडे बेटेनहाउझेन या भागातला जुना कारखाना आणि वापरात नसलेला तरणतलाव. एकदिवसीय मंडळींचं नदीपलीकडचं सगळं हमखास सुटतं, आणि राजकीय कामांपैकी बरीच तिथेच होती.

आता रेल्वे, कारण पैसा इथेच बुडतो. कासेलला दोन मोठी स्टेशनं आहेत. आयसीई ही वेगवान गाडी विल्हेल्म्सहोए स्टेशनला थांबते, हॉप्टबानहोफ या दुसऱ्या स्टेशनला नाही. फ्रँकफर्टहून साधारण दीड तास, मग ट्रामने शहराच्या मध्यभागी. एजंट लोक स्वस्तातलं 'श्पारप्राइस' तिकीट काढून देतात. हे तिकीट लांब पल्ल्याच्या ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. संध्याकाळी एखाद्या दालनात रमलात आणि ती गाडी चुकली, की तिकीट बाद आणि ऐन वेळचं महागडं तिकीट घ्यायचं. रेल्वेच्याच गोंधळामुळे पोहोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तरच ते बंधन सुटतं. आमच्या त्या कार्यालयाने "कुठल्याही गाडीने या" असं तोंडी सांगितलं होतं, नंतर फोनसुद्धा उचलला नाही. तोंडी शब्दावर जाऊ नका. तिकिटावर 'त्सूगबिंडुंग' (ठरावीक गाडीचं बंधन) छापलंय का, ते पैसे देण्याआधी स्वतः बघा. जाताना बांधलेलं तिकीट चालेल, येतानाचं मात्र फ्लेक्सप्राइसच, म्हणजे एका गाडीला न बांधलेलं तिकीट घ्या. (अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा काढायच्या दिवशी पुन्हा वाचा.)

त्याहून बरं म्हणजे दोन रात्री मुक्काम करा. आधी खोली, मग रेल्वे, हा क्रम उलटा करू नका. कासेलमध्ये खोली परवडली नाही तर ग्योटिंगेन बघा, आयसीईने वीसेक मिनिटांवर आहे. पुढची डॉक्युमेंटा १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७. पहिला आणि शेवटचा आठवडा मी तरी टाळायला सांगेन.

वेळ चालण्यात जातो त्याहून जास्त व्हिडिओत जातो. २०१२ ला भारतीय कलाकार नलिनी मालानींचं काम होतं: उलट्या बाजूने रंगवलेले पारदर्शक मायलारचे (प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे) पाच फिरते दंडगोल, त्यांतून आरपार जाणारा सहा चॅनेलचा, म्हणजे एकाच वेळी सहा चित्रप्रवाहांचा व्हिडिओ, भिंतीभर एकमेकींवर चढणाऱ्या सावल्या आणि त्यातून येणारा आवाज. एक आवर्तन ११ मिनिटांचं. दारातून डोकावणाऱ्याच्या पदरी नुसती सावल्यांची हालचाल पडते. भारतीय चित्रपटकार अमर कंवर यांचं २००७ चं आठ पडद्यांचं काम अर्ध्या तासाहून मोठं होतं. अशी दहा कामं धरली तरी अर्धा दिवस गेला. म्हणून दारावरची पाटी आधी वाचा, किती मिनिटांचं आहे ते बघा, आणि बसायचं की नाही ते तिथेच ठरवा. मधेच घुसून मधेच उठणं सगळ्यात वाईट.

राजकारणाचंही थोडं वाचून जा, भिंतीवरच्या चार ओळींत ते मावत नाही. २०२२ ला तारिंग पादी या इंडोनेशियन गटाचं भलंमोठं बॅनर चौकात लागलं होतं. त्यात ज्यूद्वेषी चित्रण होतं. १८ जूनला प्रदर्शन खुलं झालं, २० ला बॅनर काळ्या कापडाने झाकलं, २१ ला उतरवलं. ते चित्रण समर्थनीय नव्हतंच, पण त्या एका बॅनरवरून शेकडो कलाकारांचं काम मोडीत काढलं गेलं तेही मला पटत नाही. हे माझं मत, वाद घालायचा तर वेगळा धागा काढू. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये पुढच्या डॉक्युमेंटाचा कलादिग्दर्शक निवडणारी समितीच राजीनामे देऊन मोकळी झाली. त्यात आपल्या मुंबईचे कवी आणि कलासमीक्षक रणजित होस्कोटे होते. २०१९ च्या एका इस्रायलविरोधी पत्रकावरची त्यांची सही वादात सापडली होती. नवी समिती नेमून डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी क्युरेटर नेओमी बेकविथ यांची कलादिग्दर्शक म्हणून निवड झाली. प्रदर्शन चालू असतानाही कामं हलतात, झाकली जातात, तेव्हा उद्घाटनाआधी छापलेल्या यादीवर विसंबू नका.

तिकिटाशिवाय बघण्यासारखंही बरंच आहे. फ्रिडेरित्सियानुमसमोर अमेरिकी शिल्पकार वाल्टर डी मारियाचा १९७७ चा, जमिनीत उभा एक किलोमीटर गाडलेला पितळी दांडा आहे. दिसते ती फक्त ५ सेंटीमीटर व्यासाची चकती, दगडी फरशीत बसवलेली, त्यामुळे लोक तिच्यावरून सरळ चालत जातात. शिवाय जर्मन कलाकार योसेफ बॉइसची १९८२ ते ८७ मध्ये लावलेली ७००० झाडं शहरभर आहेत, प्रत्येकाच्या शेजारी बेसॉल्टचा एक खांब. मुलं बरोबर आहेत असं लिहिलंय तुम्ही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतली कामं घ्या आणि अंधाऱ्या खोल्यांतले व्हिडिओ दोघांनी आळीपाळीने बघा. मोठ्या बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका.

तारखा नक्की झाल्या की इथे लिहा, कुठलं ठिकाण कुठल्या दिवशी घ्यायचं ते नकाशा आल्यावर सांगतो.